चित्रपट-महोत्सव आणि धर्मसंवाद



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून चित्रपटाविषयी बोलायचे म्हटले की काही ज्येष्ठ मंडळींच्या कपाळाला आठी पडते. ते साहजिकही आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात ह्या व्याख्यानांची प्रथा पडली, त्या वेळी चित्रपटाचा जन्मही झालेला नव्हता. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात हलती चित्रे प्रथम दिसली ती ७ जुलै १८९६ ह्या दिवशी. व्याख्यान हे विचारासाठी आणि सिनेमा करमणुकीसाठी, अशी वाटणी तेव्हापासून आपण मनाशी करून ठेवली आहे. परंतु ह्या दोहोंतला खरा फरक निराळाच आहे. व्याख्यान संपल्यावर श्रोता उठून प्रश्न विचारू शकतो. चित्रपट संपला की दारे उघडतात आणि जो तो आपापल्या घरी जातो. ज्याला आपण चित्रपट-महोत्सव म्हणतो, त्यात ह्या दोन गोष्टींची सांगड घातलेली असते. तेथे चित्रपट निवडून आणतात, एकापाठोपाठ एक दाखवतात, आणि मागाहून त्यांच्यावर बोलतात, भांडतात, निवाडा करतात.

अशा महोत्सवांचा निरनिराळ्या धर्मांच्या माणसांना एकमेकांशी बोलते करण्याच्या कामी काही उपयोग होतो का, हा आजचा प्रश्न आहे. ह्याचे उत्तर सदिच्छेने देणे फार सोपे आहे. मला ते इतिहासाला विचारावयाचे आहे, कारण सदिच्छा नेहमी होय म्हणते आणि इतिहास कधी होय म्हणतो, कधी नाही.

चित्र आणि धर्म ह्यांचे नाते समजण्यासाठी जामनेरकरांना लांब जाण्याचे कारण नाही. आपल्या तालुक्याच्या दक्षिणेला जी डोंगरांची ओळ दिसते, तिच्या पलीकडच्या अंगाला अजिंठ्याची लेणी आहेत. बुद्धाच्या पूर्वजन्मींच्या कथा तेथील भिंतींवर रंगवलेल्या आहेत. आपला भाग इंग्रजी अमलाखालच्या खानदेशात होता आणि लेणी निजामाच्या हद्दीत होती, त्या काळात ती चित्रे कोणी जपली? हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी ह्यांनी. १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणवून निसटू पाहणारा रंगाचा थर पक्का करण्यात आला. पुढे यझदानींनी १९३० ते १९५५ ह्या काळात त्या चित्रांचे ग्रंथ प्रसिद्ध केले. चित्रे बौद्धांची, राज्य मुसलमानाचे, अभ्यासक मुसलमान, कारागीर ख्रिस्ती देशातले, आणि पाहायला येणारा बहुतेक समाज हिंदू. यझदानींना बौद्ध व्हावे लागले नाही. त्यांनी ती चित्रे मनापासून पाहिली आणि दुसऱ्यांना पाहता यावीत अशी व्यवस्था केली, एवढे पुरले. पाहणे हीदेखील एक प्रकारची मैत्री आहे, हे येथून ध्यानात ठेवू आणि पडद्यावरच्या चित्रांकडे वळू.

फाळक्यांनी पाहिलेला ख्रिस्त

भारतीय चित्रपटाची जन्मकथा सर्वांना ठाऊक आहे, पण तिचा एक अर्थ आपण सहसा लक्षात घेत नाही. धुंडिराज गोविंद फाळके हे त्र्यंबकेश्वरचे. १८७० साली एका शास्त्री घराण्यात त्यांचा जन्म झाला. १९१०-११ च्या सुमारास मुंबईच्या एका तंबूवजा चित्रपटगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताची चित्रे सरकत असता आपल्या मनःचक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, असे त्यांनी पुढे १९१७ साली 'नवयुग' मासिकातील लेखांत सांगितले. मागाहून पत्नी सरस्वतीबाईंनाही त्यांनी तो चित्रपट नेऊन दाखवला. ह्या दर्शनातून 'राजा हरिश्चंद्र' निघाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसाठी लागला.

म्हणजे आपल्या चित्रपटसृष्टीचा पाया एका ब्राह्मणाने भाविकपणे पाहिलेल्या ख्रिस्तचरित्रावर उभा आहे. त्या वेळी ख्रिस्ती धर्म हा राज्यकर्त्यांचा धर्म होता, आणि मिशनऱ्यांशी आपल्या शास्त्री-पंडितांचे वाद पिढी-दोन पिढ्या चाललेले होते. त्या वादांतून जे साधले नाही ते अंधारात बसून घटकाभर पाहण्याने साधले. फाळके ख्रिस्ती झाले नाहीत, आणि 'हे परक्यांचे' म्हणून उठूनही गेले नाहीत. दुसऱ्याच्या भक्तीकडे पाहताना त्यांना स्वतःची भक्ती नव्याने दिसली. मात्र येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हा संवाद एका माणसाच्या मनातल्या मनात झाला. ज्यांचा ख्रिस्त होता, त्यांना त्याची वार्ताही नव्हती.

दामले आणि साहेबमामा

दोन धर्मांची माणसे प्रत्यक्ष एकत्र बसून चित्रपट करताना पाहायची असतील तर कोल्हापूरला जावे लागते. १९२९ साली तेथे 'प्रभात' कंपनी निघाली, आणि १९३३ मध्ये ती पुण्यास आली. तिच्या मालकांत विष्णुपंत दामले, व्ही. शांताराम, केशवराव धायबर, सीताराम कुलकर्णी हे होते आणि शेख फत्तेलाल होते. फत्तेलालांना सारे साहेबमामा म्हणत. दामले आणि फत्तेलाल ह्यांची मैत्री बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली काम करीत असतानाची. ह्या जोडीने १९३६ साली 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला.

विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम आणि गौरीबाईंची जिजाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्याचे वर्णन सांगायला नको. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षाहून अधिक काळ, ५७ आठवडे चालला. खेडोपाडी, जत्रेतल्या तंबूत तो लागे तेव्हा लोक जोडे बाहेर काढून आत जात. देहू-आळंदीच्या भक्तीचे हे पडद्यावरचे रूप अर्ध्या वाट्याने एका मुसलमान चित्रकाराच्या नजरेतून आणि हातांतून उतरले आहे, ह्याची त्या प्रेक्षकाला कधी अडचण वाटली नाही. पुढे ह्याच दोघांनी 'संत ज्ञानेश्वर' केला, आणि दामल्यांच्या निधनानंतर १९५५ साली फत्तेलालांनी 'जगद्गुरु शंकराचार्य' काढला.

'संत तुकारामा'तील खलपुरुष सालोमालो हा परधर्मीय नाही. तो तुकारामाच्याच धर्मातला, त्याच देवळातला आहे. त्याआधीच्या वर्षी आलेल्या 'धर्मात्मा'त एकनाथांना छळणारेही त्यांच्याच धर्मातले आहेत. त्या चित्रपटाचे मूळ नाव 'महात्मा' होते आणि इंग्रजी सेन्सॉरच्या हरकतीमुळे ते बदलावे लागले. प्रभातच्या ह्या संतपटांनी आधी आपल्या घरातल्या अन्यायावर बोट ठेवले. दुसऱ्याच्या धर्माशी बोलू पाहणाऱ्याने ही पायरी चुकवून चालत नाही. आपल्या खानदेशाला हे कोणी वेगळे शिकवायला नको. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० पर्यंत शिकवणाऱ्या साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे देऊळ हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, आणि त्याच गुरुजींनी प्रेषित महंमदांचे चरित्रही प्रेमाने लिहिले. ह्या दोन गोष्टी त्यांच्या ठायी वेगळ्या नव्हत्या. त्यांच्या 'श्यामची आई'वर आचार्य अत्र्यांनी काढलेल्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले.

व्हेनिसचा धडा

१९३७ साली 'संत तुकाराम' इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात गेला आणि परीक्षकांनी त्याचा खास गौरवाने उल्लेख केला. कॅथलिकांच्या देशात आपला वारकरी संत गेला, लोकांनी त्याची भाषा न कळताही त्याला ओळखले, ह्याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो योग्यच आहे. पण इतिहास येथे थांबू देत नाही. १९३२ साली सुरू झालेला व्हेनिसचा महोत्सव हा चित्रपटांचा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव, आणि तेथील सर्वोच्च बक्षिसाचे नाव 'मुसोलिनी चषक' असे होते.

त्याच १९३७ साली त्याच महोत्सवात फ्रान्सच्या झाँ रन्वारचा 'ग्रँड इल्यूजन' दाखवला गेला. पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची ती गोष्ट. कैदेतून पळून जाणाऱ्यांत एक ख्रिस्ती कामगार आहे आणि एक श्रीमंत ज्यू आहे. ज्यूचा पाय मुरगळतो, थंडी आणि भूक असह्य होते, आणि त्या कामगाराच्या तोंडून ज्यूंविषयीचा मनात दडलेला द्वेष बाहेर पडतो. तो त्याला टाकून निघून जातो. थोडे अंतर जातो आणि परत येतो. पुढे दोघे एकमेकांच्या आधाराने वाट चालतात. धर्मसंवादाचे ह्याहून प्रामाणिक चित्र मी तरी पाहिलेले नाही. येथे कोणी बंधुभावाचे भाषण करीत नाही. मनातले विष ओठावर येते, लाज वाटते, आणि मग मैत्री खरी होते.

ह्या चित्रपटालाही व्हेनिसला पारितोषिक मिळाले. आणि पुढे? मुसोलिनीच्या राजवटीने त्याच्यावर बंदी घातली, जर्मनीत गोबेल्सने घातली, आणि दुसऱ्याच वर्षी, १९३८ मध्ये, इटलीने ज्यूंचे हक्क काढून घेणारे कायदे केले. ज्या नगरीने तुकारामाला मान दिला आणि ज्यू-ख्रिस्ती मैत्रीच्या चित्रपटाला बक्षीस दिले, तिच्याच राज्यकर्त्यांनी ज्यूंची मुले शाळांतून काढून टाकली. तेव्हा महोत्सव भरला म्हणजे मने आपोआप मोकळी होतात, हा भ्रम व्हेनिसने कायमचा घालवला पाहिजे. महोत्सव हे भांडे आहे. त्यात दूध ठेवायचे की दारू, हे भांडे ठरवीत नाही.

'शेजारी'

ह्यानंतर चारच वर्षांनी आपल्याकडे ह्याच विषयाला सरळ हात घालणारा मराठी चित्रपट निघाला. मार्च १९४० मध्ये लाहोरला मुस्लिम लीगने वेगळ्या राष्ट्राचा ठराव केला होता. १९४१ साली प्रभातने शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली 'शेजारी' आणि त्याचे हिंदी रूप 'पडोसी' काढला. एका खेड्यातले दोन म्हातारे, एक हिंदू आणि एक मुसलमान. दोघे जन्माचे मित्र, बुद्धिबळाचे सोबती. गावाजवळ धरण बांधायचे असते. गावाला जमिनी जाण्याची भीती असते, आणि ठेकेदाराला ह्या एकीचा अडथळा वाटतो. तो दोन घरांत संशयाचे बी टाकतो. मैत्री तुटते. शेवटी धरण फुटते, आणि ते दोन मित्र एकमेकांचे हात धरून मरतात.

'पडोसी'तील हिंदू म्हाताऱ्याचे काम मझहर खान ह्यांनी केले आणि मुसलमान मिर्झाचे गजानन जागीरदारांनी. मुसलमान नटाने कपाळाला गंध लावले आणि ब्राह्मण नटाने नमाज पढला. सोंग म्हणून हे सोपे वाटेल, पण दुसऱ्याच्या देवापुढे खरेपणाने वाकून दाखवायचे तर त्याच्या घरची बोली, त्याचा सण, त्याचे दुःख शिकावे लागते. माझ्या मते ह्या चित्रपटाचा सर्वांत मोठा संवाद कथेत नाही, ह्या पात्रयोजनेत आहे.

दुसरी गोष्ट कथेतली. त्या भांडणाचे मूळ धर्मात नाही, ते धरणात आणि जमिनीत आहे. धर्माची ढाल पुढे करून पैशाचे भांडण लढवले जाते, हे मराठी चित्रपटाने १९४१ साली सांगून ठेवले. लोकांनी तो चित्रपट डोक्यावर घेतला. आणि सहा वर्षांनी फाळणी झाली. टाळ्या वाजवणारे प्रेक्षक आणि १९४६-४७ च्या दंगलींतले जमाव ही दोन निरनिराळ्या देशांतली माणसे नव्हती.

ह्यावरून 'शेजारी' फुकट गेला असे म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. पण तो एकटा पडला, असे मी म्हणेन. प्रेक्षक रडला आणि घरी गेला. रडून झाल्यावर शेजाऱ्याच्या ओटीवर जाऊन बोलण्याची सोय कोणी केलेली नव्हती. आपल्याकडे चित्रपट-मंडळे फारशी नव्हती, महोत्सव नव्हते, चित्रपटावर सभा नव्हत्या. त्या मागाहून आल्या. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट-महोत्सव २४ जानेवारी १९५२ रोजी मुंबईस सुरू झाला आणि तेथून तो देशातल्या इतर मोठ्या शहरांत गेला. त्यात रोझेलिनीचा 'रोम, ओपन सिटी' होता. कॅथलिक पाद्री आणि देव न मानणारा कम्युनिस्ट एका जुलमाविरुद्ध एकत्र मरण पत्करतात, असे त्याचे कथानक. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झाले, आणि १९६८ मध्ये मुंबईत 'प्रभात चित्र मंडळ' निघाले. चित्रपट पाहून त्यावर बोलण्याची सवय अशी सावकाश लागली.

१९७४ साल

महोत्सव आणि धर्मसंवाद ह्यांची खरी गाठ पडली ती फ्रान्समधील कान येथे. कॅथलिकांची चित्रपट-संस्था १९२८ पासून होती, प्रॉटेस्टंटांची १९५५ पासून. ह्या दोन पंथांनी सतराव्या शतकात युरोपात तीस वर्षे युद्ध केले होते. १९७४ साली त्यांनी कानच्या महोत्सवात एकच परीक्षक-मंडळ बसवले. आपण निरनिराळे आहोत, पण एक चित्रपट मिळून पाहू आणि मिळून निवडू, असा तो संकल्प. त्यांनी पहिले पारितोषिक दिले ते फासबिंडर ह्या जर्मन दिग्दर्शकाच्या 'अली' ह्या चित्रपटाला. म्युनिकमधली एक म्हातारी मोलकरीण मोरोक्कोहून आलेल्या एका तरुण मुसलमान मजुराशी लग्न करते. मुले तोंड फिरवतात, शेजारणी कुजबुजतात, कोपऱ्यावरचा वाणी तिला माल द्यायला कुरकुरतो. पुढे गिऱ्हाईक तुटले असे ध्यानात आल्यावर तोच वाणी गोड बोलू लागतो. ख्रिस्ती परीक्षकांनी आपल्या धर्माची थोरवी सांगणारा चित्रपट निवडला नाही. आपल्या समाजाचा कोतेपणा दाखवणारा निवडला.

योगायोग असा, की त्याच वर्षी कानच्या स्पर्धेत एम. एस. सथ्यू ह्यांचा 'गर्म हवा' होता. मूळ कथा इस्मत चुगताईंची, संवाद कैफी आझमींचे, आणि सलीम मिर्झाच्या भूमिकेत बलराज साहनी. फाळणीनंतर आग्र्यात राहिलेला हा जोड्यांचा कारखानदार.  त्याला पेढी कर्ज देत नाही आणि भाड्याने घर मिळत नाही. दंगल होईल ह्या भीतीने हा चित्रपट आपल्याकडे काही महिने सेन्सॉरने अडवून ठेवला होता. तो लागला, आणि भीती खरी ठरली नाही. त्याला राष्ट्रीय एकात्मतेचे पारितोषिक मिळाले.

कानच्या धर्तीवर पुढे अनेक ठिकाणी असे प्रयोग झाले. इटलीत त्रेंतो नावाचे गाव आहे. सोळाव्या शतकात तेथे कॅथलिकांची मोठी धर्मसभा भरली आणि प्रॉटेस्टंट मतांचा निषेध झाला. त्याच गावात १९९७ पासून धर्मविषयक चित्रपटांचा महोत्सव भरतो आणि निरनिराळ्या धर्मांची माणसे तेथे एकत्र येतात. चारशे वर्षांत सभेचे रूप बदलले, एवढे समाधान मानायला हरकत नाही.

आता आपल्या गावाकडे येतो. हा इतिहास आपल्याला काय सांगतो? पहिले असे की चित्रपट स्वतः संवाद करीत नाही, तो संवादाला विषय देतो. बोलणे माणसांनाच करावे लागते, आणि तेही दिवे लागल्यावर. दुसरे असे की निवड कोणी केली ह्याला फार महत्त्व आहे. हिंदूंनी मुसलमानांसाठी किंवा मुसलमानांनी हिंदूंसाठी भरवलेला महोत्सव हा उपदेश होतो. दामले आणि साहेबमामा ह्यांच्यासारखी जोडी निवडीला बसली तर तो संवाद होतो. प्रत्येकाने आपापल्या समाजाचे दोष दाखवणारा एक तरी चित्रपट सुचवावा, हा नियम केला तर पहिल्याच बैठकीत खरे बोलणे सुरू होईल, आणि ते कदाचित चित्रपटांपेक्षा अधिक मोलाचे ठरेल. तिसरे असे की हे काम शांततेच्या दिवसांत करायचे असते. आग लागल्यावर विहीर खणता येत नाही, आणि 'शेजारी'ला वेळ पुरला नाही हेही आपण पाहिले.

ह्याला फार खर्च लागत नाही. तालुक्याच्या गावी एक सभागृह, एक पडदा, रीतसर परवानगीने आणलेले चार चित्रपट, आणि प्रत्येकानंतर तासभर वेळ पुरे. 'शेजारी'ने सुरुवात करावी. तो आपल्या भाषेत आहे, त्यातले गाव आपल्यासारखे आहे. प्रेक्षकांत मराठी बोलणारे, अहिराणी बोलणारे, उर्दू शाळेत शिकलेले सारे असावेत, बायका पुढच्या रांगेत असाव्यात, आणि पहिला प्रश्न तरुणांनी विचारावा. प्रश्न अवघड निघतील. कोणी विचारील की मोहल्ल्याबाहेर मला घर भाड्याने का मिळत नाही. कोणी विचारील की मिरवणुकीचा रस्ता दर वर्षी वादाचा का होतो. त्या वेळी अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहून आभारप्रदर्शन पुकारू नये, एवढीच माझी विनंती आहे. 'ग्रँड इल्यूजन'मधला तो कामगार मनातले कडू बोलून गेला म्हणूनच त्याला परत येता आले. आपल्याकडे पुष्कळदा गोड बोलून लोक कायमचे दूर राहतात.

चित्रपटाने देश फुटायचा राहिला, असे उदाहरण मला इतिहासात सापडले नाही. पण परक्याचा देव पाहून स्वतःच्या देवाची आठवण झालेला फाळके सापडला, तुकाराम रंगवणारा साहेबमामा सापडला, नमाज शिकलेला जागीरदार सापडला. ही माणसे कोणत्याही महोत्सवाने घडवली नव्हती. महोत्सवाने एवढेच करावे, की अशा माणसांची संख्या गावात वाढेल अशी संधी दर वर्षी एकदा उपलब्ध करून द्यावी. बाकीचे काम तुमच्या-आमच्या ओटीवरचे आहे.